पाहा आणि हेही पाहा

“मॅडम, या विषयावर काहीच काम झालेलं नाहीये. मी सगळीकडे शोधलं.”

राज्यशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी संदर्भ विभागातल्या माझ्या टेबलासमोर वही छातीशी धरून उभी होती. पंधरा दिवसांनी आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन आणि मान्यता समितीपुढे, तिचं सादरीकरण होतं. विषय मराठवाड्यातल्या एका तालुक्यातल्या महिला सरपंचांचा: कागदावर त्यांना कोणते अधिकार आहेत आणि निर्णय प्रत्यक्षात कोण घेतं. आराखड्यात ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या मथळ्याखाली चार पुस्तकं आणि दोन प्रबंध होते. त्याखाली एक ओळ: या विषयावर फारसं संशोधन उपलब्ध नाही.

तिनं आळस केला नव्हता. तीन दिवस सकाळपासून ती संगणक कक्षात बसलेली मी पाहिली होती. मी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हटलं, “काय टाइप केलं होतंस, ते जसंच्या तसं मला करून दाखव.”

तिनं शोधाच्या चौकटीत प्रबंधाचं अख्खं इंग्रजी शीर्षक लिहिलं, तालुक्याच्या नावासकट. एका डेटाबेसनं एकही नोंद दिली नाही. दुसऱ्यात तेच शीर्षक टाकल्यावर नोंदींचा ढीग आला, पण पहिल्या दोन पानांवर तिच्या कामाचं काहीच नव्हतं. एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे पूर. दोन्हीकडे तिनं एकच निष्कर्ष काढला होता की आपल्या विषयावर कुणी लिहिलेलं नाही.

ग्रंथालयात इतकी वर्षं काढल्यावर माझी एक खात्री झाली आहे. ‘काही सापडत नाही’ असं विद्यार्थी म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा लेख असतो, फक्त त्याच्या लेखकानं त्या गोष्टीला दुसऱ्या नावानं हाक मारलेली असते. डेटाबेस आपल्या मनातला अर्थ ओळखत नाही, लिहिलेले शब्द तेवढे जुळवून पाहतो. आणि राज्यशास्त्रात तर कोण कशाला काय म्हणतं, हाच निम्मा अभ्यास असतो.

आधी मी तिला दुष्काळ आणि पुराचं कारण सांगितलं. काही डेटाबेस मुळात लेखाचं शीर्षक, सारांश आणि विषयशीर्षकं एवढ्यातच शोधतात. तिथे दहा-बारा शब्द एकदम टाकले, तर ते सगळे एका छोट्या परिच्छेदात सापडणं अशक्यच. जेस्टोरसारखं भांडार मात्र लेखाचा संपूर्ण मजकूर चाळतं. तिथे ‘महिला’ पहिल्या पानावर, ‘पंचायत’ विसाव्या पानावर आणि ‘अधिकार’ एखाद्या तळटीपेत असला, तरी तो लेख पुढ्यात येतो. म्हणून पहिल्या ठिकाणी शब्द कमी आणि पर्याय जास्त द्यायचे. दुसऱ्या ठिकाणी शब्द एकमेकांजवळ आले पाहिजेत अशी अट घालायची. शब्दांमध्ये पाच किंवा दहापेक्षा जास्त शब्दांचं अंतर नको, असं बहुतेक डेटाबेसना सांगता येतं. त्याची खूण प्रत्येकाची वेगळी, आणि ती त्यांच्या मदतीच्या पानावर दिलेली असते. ते पान वाचायला दहा मिनिटं लागतात, तरी फार थोडे जण ते उघडतात.

मग आम्ही कोऱ्या कागदावर तिचा विषय फोडला. तीन कप्पे झाले: स्त्रिया, गावपातळीवरची सत्ता, आरक्षण. मी म्हटलं, “आता प्रत्येक कप्प्यात, या गोष्टीला जगात कोण काय म्हणतं ते लिही.”

पहिला कप्पा सोपा होता. इंग्रजीत वुमन आणि विमेन यांत एकाच अक्षराचा फरक आहे. त्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं की बऱ्याच डेटाबेसमध्ये दोन्ही रूपं येतात. शिवाय जेंडर, फीमेल.

दुसऱ्या कप्प्यात ती ‘ग्रामपंचायत’ आणि ‘सरपंच’ लिहून थांबली. मी विचारलं, “बंगालमध्ये सरपंचाला काय म्हणतात?” तिला ठाऊक नव्हतं. पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशात गावचा प्रमुख म्हणजे प्रधान. बिहारमध्ये मुखिया, केरळात पंचायतीचा प्रेसिडेंट. आणि भारताबाहेरच्या वाचकासाठी लिहिणारा अभ्यासक पुष्कळदा ‘पंचायत’ हा शब्द बाजूला ठेवून ‘व्हिलेज कौन्सिल’ लिहितो.

तिसऱ्या कप्प्यात तिनं ‘रिझर्व्हेशन’ लिहिलं होतं. घरात, वर्तमानपत्रात, सरकारी कागदात आपण हाच शब्द वापरतो. पण जगभरच्या राज्यशास्त्रात या धोरणाला ‘कोटा’ म्हणतात: जेंडर कोटा, इलेक्टोरल कोटा.

हे कप्पे जुळवून आम्ही पुन्हा शोध घेतला. एकाच कप्प्यातले पर्याय ‘ऑर’नं जोडून कंसात ठेवले आणि कप्पे एकमेकांना ‘अँड’नं जोडले. यामागचं तर्कशास्त्र जॉर्ज बूल या गणितज्ञानं १८५४ साली ग्रंथरूपात मांडलं, आणि आज बहुतेक डेटाबेसमधला शोध त्याच्यावर चालतो. ‘ऑर’नं जाळं पसरतं, ‘अँड’नं आवळलं जातं. इतकं कळलं तरी निम्मं काम होतं.

पडद्यावर आलेल्या नोंदींपैकी तीन मला आजही आठवतात, कारण त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या तुकडीला त्याच दाखवते. पहिला लेख राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा, २००४ सालचा. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींमध्ये प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव झालं की सार्वजनिक खर्च कुठे वळतो, याचा तो अभ्यास. त्याच्या सारांशात ‘व्हिलेज कौन्सिल’ असे शब्द आहेत आणि तो छापून आला अर्थशास्त्राच्या ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात. माझी विद्यार्थिनी फक्त राज्यशास्त्राच्या डेटाबेसमध्ये बसली होती. तिथे तो तिला भेटणार कसा?

दुसरा २००९ सालचा, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच. स्त्रीचं नेतृत्व एकदा पाहिल्यावर मतदारांचे पूर्वग्रह कमी होतात का, असा प्रश्न. त्याच्या शीर्षकात भारत नाही, पंचायत नाही, आरक्षणही नाही. सारांशात ‘जेंडर कोटा’ आणि ‘व्हिलेज कौन्सिल’ आहेत, म्हणून तो आमच्या जाळ्यात आला.

तिसऱ्यानं मात्र ती खुर्चीतून पुढे सरकली. रिखिल भवनानी यांचा, २००९ सालीच अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यूमध्ये आलेला लेख. आरक्षण उठल्यानंतर त्या जागेवर स्त्रिया निवडून येतात का, याचा शोध, आणि सगळी आकडेवारी मुंबईतल्या निवडणुकांची. आधीच्या निवडणुकीत जो मतदारसंघ स्त्रियांसाठी राखीव होता, तिथे पुढच्या खेपेला स्त्री निवडून येण्याची शक्यता, राखीव नसलेल्या मतदारसंघाच्या सुमारे पाचपट आढळली. आपल्या राज्याच्या राजधानीवरचा, जगात वाचला गेलेला अभ्यास. त्याच्या शीर्षकात ‘इंडिया’ आहे, सारांशात ‘मुंबई’ आहे. ‘महाराष्ट्र’ शोधणाऱ्याच्या हाती तो लागला नव्हता.

ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, म्हणजे मी चुकीच्या दारावर थाप मारत होते.”

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे कार्ड कॅटलॉगची लाकडी कपाटं होती. साडेबारा सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर उंच पत्रं, खाली भोक आणि त्यातून गेलेली सळई. माझ्या ज्येष्ठ ग्रंथपाल मॅडमनी पहिल्याच महिन्यात मला बसवलं ते ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ची पत्रं लिहायला. पुस्तकाची नोंद एका शीर्षकाखाली असायची, पण वाचक कुठल्या शब्दानं येईल याचा भरवसा नसायचा. मग प्रत्येक संभाव्य शब्दासाठी वेगळं पत्र: अमुक शीर्षकाऐवजी तमुक पाहा. मुंबई राज्य: हेही पाहा, महाराष्ट्र. एका पुस्तकासाठी अशी पाच-सहा पत्रं लिहायला मला तेव्हा कंटाळा येई. मॅडम म्हणायच्या, “वाचक आपल्या शब्दानं येणार. आपल्या शब्दापर्यंत त्याला आणायचं काम तुझं.” रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, परीक्षेत मी पाठ करून लिहिलं होतं. ते उमगलं त्या पत्रांपाशी.

आज ती कपाटं गेली. पत्रांचं काम काही डेटाबेसच्या आत विषयशब्दांच्या कोशातून चालतं. चांगला लेख सापडला की त्याच्या नोंदीखाली विषयशीर्षकं दिलेली असतात, आणि त्यांच्यावर टिचकी मारली की तोच विषय वेगळ्या शब्दांत मांडणारे लेख येतात. ही सोय फार मोलाची आहे. पण कोश जिथे घडला तिथल्या चष्म्यातून तो जग पाहतो. आपल्याकडचे सगळे शब्द त्यात नसतात, आणि ती उणीव संशोधकालाच भरून काढावी लागते.

शब्द जागेप्रमाणे बदलतात तसे काळाप्रमाणेही बदलतात. सायमन कमिशनच्या काळातल्या डॉ. आंबेडकरांच्या मांडणीवर काम करणारा एक विद्यार्थी ‘दलित’ हा एकच शब्द घेऊन आला होता. १९२८ सालच्या सरकारी इंग्रजी कागदांत त्याला हवं ते सगळं ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावाखाली होतं. ‘शेड्यूल्ड कास्ट’ हे नाव १९३५च्या भारत सरकार कायद्यानं रुळवलं. गांधीजींचा ‘हरिजन’ त्याच दशकातला. आणि १९७२ साली दलित पँथर उभी राहिल्यानंतर ‘दलित’ हा शब्द इंग्रजी अभ्यासातही ठळक होत गेला. यातला प्रत्येक शब्द कुणीतरी दिलेला, कुणीतरी नाकारलेला किंवा कुणीतरी अभिमानानं धारण केलेला आहे. शोधाची यादी करता करता त्या मुलाच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा आराखडाच तयार झाला.

साताऱ्याच्या प्रतिसरकारावर शोध घेताना ‘पत्री सरकार’ हे लोकांच्या तोंडचं रूपही टाकावं लागतं आणि ‘पॅरलल गव्हर्नमेंट’ही. सोलापूर, पुणे, मुंबई यांची जुनी इंग्रजी स्पेलिंग टाकली नाहीत, तर १९९५ आधीचं कितीतरी साहित्य हातचं जातं.

माझ्या हातून झालेली एक चूकही इथे सांगायला हवी, कारण त्या चुकीनं मला बरंच शिकवलं. ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्थांवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला नको त्या नोंदींचा त्रास होत होता. मी त्याला ‘नॉट’ लावून ‘अर्बन’ शब्द वगळायला सांगितलं आणि शोध फक्त सारांशापुरता मर्यादित करून दिला. यादी सुटसुटीत झाली, तो खूश झाला. पुढे मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्याला एका महत्त्वाच्या लेखाबद्दल विचारलं, आणि त्याला तो माहीतच नव्हता. त्या लेखात शहर आणि गाव यांची तुलना होती. ‘अर्बन’ हा शब्द होता म्हणून तो माझ्या गाळणीतून निसटला होता. पुढे तपासल्यावर मला हेही कळलं की बऱ्याच जुन्या लेखांना सारांश नसतोच, म्हणजे सारांशाची अट घातली की ते सगळे एका फटक्यात बाद होतात. त्या मुलाला पदवी मिळाली, पण त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं असेल त्याला मी जबाबदार होते. तेव्हापासून ‘नॉट’ मी अगदी शेवटी वापरते, आणि वापरलं की काय गळालं ते एकदा उघडून बघते.

तारांकनाचंही तसंच. ‘पंचायत’च्या इंग्रजी रूपापुढे तारांकन दिलं की पंचायती, पंचायत राज सगळं मिळतं. पण ‘रिझर्व्ह’पुढे दिलं, तर रिझर्व्ह बँक, राखीव जंगलं आणि पाण्याचे जलाशयही दारात येऊन उभे राहतात. शब्द कुठे तोडायचा हे भाषेचं भान असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.

अलीकडे एक नवी अडचण आली आहे. २०२३ साली लोकसभा आणि विधानसभांमधल्या महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, तेव्हापासून ‘विमेन्स रिझर्व्हेशन’ टाकलं की तिच्यावरचंच लेखन आधी येतं. पंचायतींचं आरक्षण देणारी त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली आणि महाराष्ट्रानं २०११ साली ते प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेलं. या दोन कालखंडांचं साहित्य वेगळं काढायचं, तर वर्षांची मर्यादा घालणं आणि ‘लोकल’ किंवा ‘पंचायत’चा कप्पा न सोडणं एवढाच उपाय आहे.

काही मुलं आता संभाषण करणाऱ्या संगणकीय मदतनिसाकडून संदर्भांची यादी घेऊन येतात. त्यांतले काही लेख कुठेच छापलेले नसतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र काल्पनिक. मी त्यांना रागावत नाही. पर्यायी शब्द सुचवायला त्या साधनाचा उपयोग होतो, पण प्रत्येक संदर्भ डेटाबेसमध्ये स्वतः उघडून पाहिल्याशिवाय वहीत उतरवायचा नाही, एवढा नियम मी घालून दिला आहे.

आमच्या विद्यार्थिनीकडे परत येते. तीन लेख हाती लागल्यावर मी तिला मागे आणि पुढे चालायला शिकवलं. मागे म्हणजे लेखाच्या शेवटची संदर्भसूची. पुढे म्हणजे तो लेख नंतर कुणी कुणी उद्धृत केला, हे गूगल स्कॉलरवर पाहणं. दोन दिवसांत तिची यादी चाळीसच्या वर गेली. प्रत्येक शोध तिनं वहीत लिहिला: तारीख, डेटाबेसचं नाव, वापरलेले शब्द, काय मिळालं, काय नाही मिळालं. ही शोधवही मी आता सर्वांना सक्तीची केली आहे. सहा महिन्यांनी मार्गदर्शक विचारतात, “हे शोधलंस का?” तेव्हा आठवणीवर विसंबून चालत नाही.

तिसऱ्या दिवशी ती एक शब्द घेऊन आली. “मॅडम, आमच्या गावात सरपंचबाईंना काय म्हणतात माहितीये? सहीपुरती सरपंच. निर्णय नवरा घेतो, बाईची फक्त सही. हे इंग्रजीत कुठे सापडेल?”

इतक्या दिवसांत तिनं विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. आम्ही पुन्हा कागद घेतला. प्रॉक्सी, फिगरहेड, रबर स्टँप, टोकन. सरपंचपती, आणि उत्तरेकडचा प्रधानपती. ‘प्रॉक्सी’ एकट्यानं टाकला, तर राज्यशास्त्रात प्रॉक्सी वॉरचा पूर येतो, म्हणून त्याच्या पाच शब्दांच्या आत ‘पंचायत’, ‘सरपंच’ किंवा ‘हजबंड’ हवा अशी अट घातली. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीतले लेख निघाले, कर्नाटक आणि राजस्थानातले अभ्यास निघाले.

मराठीतलं मात्र काहीच निघालं नाही, आणि ते निघणार नव्हतं. नवभारत, साधना, समाज प्रबोधन पत्रिका यांचे जुने अंक परदेशी डेटाबेसमध्ये नाहीत. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मराठी प्रबंध आहेत, पण त्यांची शीर्षकं कुठे देवनागरीत, तर कुठे रोमन लिपीत, तीही ज्याला जसं सुचलं तशी. कितीतरी प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप झालेले. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती अर्थहीन इंग्रजी अक्षरं असतात, म्हणून शोधाला ती लागत नाहीत. तिथे पूर्वीसारखंच काम करावं लागतं: कपाटापाशी जाऊन वार्षिक अनुक्रमणिका चाळायच्या. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची हातानं केली. त्या सूचीचे खंड उघडले की मला दर वेळी वाटतं, आपल्या भाषेतल्या अभ्यासाची पुढची सूची अजून कुणीतरी करायची आहे.

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली. एकेका नियतकालिकाच्या वर्गणीसाठी समितीपुढे विनवण्या केलेल्या माझ्यासारखीला याचं मोल कळतं. पण दार उघडलं म्हणजे वाट कळली असं होत नाही. आता शोध नीट घ्यायला शिकवणं जास्त निकडीचं झालं आहे.

सादरीकरण पार पडलं. ‘फारसं संशोधन उपलब्ध नाही’ ही ओळ तिनं काढून टाकली होती. तिच्या जागी लिहिलं होतं की आरक्षणामुळे सार्वजनिक खर्च आणि मतदारांचे पूर्वग्रह यांत काय बदलतं, यावर पश्चिम बंगाल आणि राजस्थानातले भक्कम अभ्यास आहेत. मुंबईच्या निवडणुकांवरही एक आहे. पण मराठवाड्यातल्या गावात सही आणि निर्णय यांच्यामध्ये काय घडतं, ते सरपंचबाईच्या शब्दांत नोंदवलेलं तिच्या शोधात आढळलं नाही. पहिल्या ओळीत अंदाज होता. या ओळीमागे वहीभर पुरावा होता.

जाण्यापूर्वी ती शब्दांचा तो कागद माझ्याकडे देऊन गेली, पुढच्या मुलींसाठी. स्वच्छ अक्षरात तिनं तो पुन्हा लिहून काढला होता. डाव्या बाजूला वर ‘सहीपुरती सरपंच’, आणि त्याखाली एका ओळीत सगळे इंग्रजी शब्द, राज्याराज्यांतली नावं, प्रत्येकापुढे कुठला डेटाबेस, किती शब्दांचं अंतर. कार्ड कॅटलॉगची रीत मी तिला कधी सांगितली नव्हती. तरी दोहोंच्या मध्ये तिनं आपल्या मनानं लिहिलं होतं: हेही पाहा.